हरतालिकेच्या रात्री यकृत जागं असतं

(दृश्य : पहाट. नागपूरच्या महाल भागातला एक ठेला. पोह्यांवर तर्री ओतली जातेय.)

सकाळचे सात. नागपूर अजून आळोखेपिळोखे देतंय, पण तर्री-पोह्यांच्या ठेल्याभोवती गर्दी जमलीय. पहिली प्लेट पोटात गेली की पोह्यांतल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, आणि ते रक्तात उतरू लागतं.

एरवी आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! प्लेटभर पोह्यांतून येते त्याच्या कितीतरी पट. मग स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत ओढतात, यकृत तिचं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, करून ठेवतं. यकृतातून हे ग्लायकोजेन प्रथम वेगळं काढलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी, 1857 साली.

(दृश्य : घर. वाळूची पिंड, बेलपत्र, समई.)

आज हरतालिका. या घरातल्या काकू काल रात्री नऊला जेवल्या, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही.

"काहून काकू, चक्कर नाही येत?"

"सवय आहे बापा."

सवय आहे, हे खरंच. पण काकूंपेक्षा जास्त त्यांच्या यकृताला. इन्सुलिन उतरलं, साठा सोडायला लावणारं संप्रेरक ग्लुकागॉन चढलं, आणि रात्रीपासूनच यकृत आपला साठा थोडा थोडा रक्तात सोडतंय. हा साठा सुमारे 100 ग्रॅम. स्नायूंकडे त्याच्या तीन-चार पट असतो, पण ती साखर थेट रक्तात सोडणारं एन्झाइमच त्यांच्याकडे नाही. त्यांची शिदोरी त्यांच्यापुरती.

आणि मेंदूला दिवसाला लागतं साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज. हिशेब जुळत नाही.

म्हणून साठा आटत जातो तसं यकृत नवीन साखर घडवू लागतं : स्नायूंतल्या प्रथिनांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, तांबड्या पेशींनी टाकलेल्या लॅक्टेटपासून. या तांबड्या पेशींना ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालतच नाही.

(दृश्य : शेजारचं घर. कढईत साबुदाण्याची उसळ.)

शेजारी उपासच आहे, पण उसळीचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशी अन् दुप्पट खाशी! स्वादुपिंड पंचांग बघत नाही. तिथे इन्सुलिन पोह्यांसारखंच सुटणार.

(दृश्य : रात्र. जागरणाची गाणी. काकू उद्याच्या गणपतीसाठी मोदक तळताहेत.)

चोवीस तास झाले. यकृतातलं ग्लायकोजेन संपत आलंय. चरबी वितळतेय, पण चरबीतली आम्लं मेंदूच्या फारशी कामाची नाहीत. म्हणून यकृत त्यांची कीटोन द्रव्यं करतं. ती मेंदूला चालतात. उपास आठवड्यांवर गेला, तर मेंदूची अर्ध्याहून अधिक भूक तीच भागवतात आणि स्नायूंची झीज मंदावते. गंमत म्हणजे कीटोन करणाऱ्या यकृताला स्वतःला ती वापरता येत नाहीत.

काकू तळलेले मोदक परातीत मांडतात. एकही तोंडात टाकत नाहीत.

इन्सुलिनच तयार होत नसेल, तर मात्र ही सगळी व्यवस्था उलटते. पोटभर जेवूनही यकृत साखर सोडतच राहतं, कीटोन साचत जातात. भरल्या घरात उपासमार. 1922 साली टोरंटोत मधुमेहाच्या रुग्णांना पहिल्यांदा इन्सुलिन मिळेपर्यंत त्यावर खरा इलाज नव्हता.

(दृश्य : उजाडतंय. गौरीचं विसर्जन आटोपून काकू पानावर बसल्यात.)

दहीभाताचा पहिला घास. साखर रक्तात पुरती चढायच्या आतच आतड्यातली संप्रेरकं स्वादुपिंडाला वर्दी देतात. यकृत हात आखडता घेतं.

काकू दुसरा घास घेतात. "मीठ कमी पडलं," त्या म्हणतात.