५४ पायऱ्या

(दृश्य: चाळीचा लाकडी जिना, पहाट)

गिरगाव. सकाळचे साडेसहा. दुधाची पिशवी तळमजल्यावर, काकू तिसऱ्या मजल्यावर. मध्ये ५४ पायऱ्या.

पावलं बघा. डावा पाय खाली येतो, मग उजवा त्याच पायरीवर येऊन टेकतो. मग पुन्हा डावा. दुखरा गुडघा डावा, म्हणून उतरताना तो पुढे. चढताना आधी उजवा. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलेलं काकूंनी पाढ्यासारखं पाठ केलंय: चांगला वर, दुखरा खाली.

जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. काकूंचं वजन ६५ किलो. हिशोब तुम्हीच करा.

आता ही भिंत. कठडा एकाच बाजूला, चढताना तो डाव्या हाताला येतो, दुखऱ्या पायाच्याच अंगाला. म्हणून उजवा हात भिंतीचा आधार घेतो. चुन्यावर हा जो काळपट, तेलकट पट्टा दिसतोय ना, तळमजल्यापासून वरपर्यंत, तो हातांचा आहे. एकट्या काकूंच्या नव्हे. इथे एक लोखंडी पाइप बसवायचा, एवढंच. त्यासाठी भाडेकरूंची मीटिंग आतापर्यंत तीनदा भरली.

(दृश्य: स्वयंपाकघर)

विळी माळ्यावर गेली. ओट्याशी हे उंच स्टूल आलं. देवासमोरही आता पाट नाही, खुर्ची. संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवं बसायचा; तिथे प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची सोबत न्यावी लागते.

चाळ म्हणते, ‘वाटी झिजली’. वाटी जागेवरच असते. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा झिजली की भरून येत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा इथून जवळच, ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, पुढच्या वर्षी उजवा. तेव्हापासून ‘गुडघे बदलले का?’ हा प्रश्न गॅलरीत सर्रास ऐकू येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादाही घातली. काकूंना ऑपरेशन इतक्यात नकोय.

(दृश्य: पलंग, टॉवेलची गुंडाळी)

गुडघ्याखाली टॉवेल. दाबा. मांडीचा स्नायू ताठ होताना दिसतोय. पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ही मांडी जितकी भक्कम, तितका गुडघ्याला आराम. तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पालाही बांधतात, शेजारणीच्या सल्ल्याने. बरं वाटतं म्हणतात. वाटू दे, पण टॉवेल चुकवायचा नाही.

लेक डोंबिवलीला असते. स्टेशनचे जिने नकोत म्हणून तिकडे जाणं जवळजवळ थांबलंय.

(दृश्य: गॅलरी, दोरीला बांधलेली पिशवी)

भाजी अशी वर येते. दूधही येईल की, शेजारचा पोरगा रोज म्हणतो. पण काकू दिवसातून एकदा उतरतातच. ‘पाय घरात बसला की बसला,’ त्यांचं म्हणणं.

पिशवी वर आली. मेथी, मिरच्या, दोन लिंबं.

काकूंनी दोरी गुंडाळून खिळ्याला लावली.