एडिटिंगच्या मशीनसाठी डिस्क निवडताना

मंडळी, व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन जोडायची ठरली की सगळी चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर होते. उरलेल्या पैशांत बसेल ती डिस्क घेतली जाते, आणि मग टाइमलाइन तिथेच अडकते. म्हणून आज डिस्कपासूनच सुरुवात करू.

नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या गोल पट्ट्यावर, सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. बेरीज बारा-तेरा. म्हणजेच विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वेळा. एसएसडीत, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नाही, तिला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. विंडोज सुरू होणं, प्रोजेक्ट उघडणं, थंबनेल आणि कॅशे फाइली वाचणं, हे सगळं विखुरलेलंच वाचन आहे. त्यामुळे जुन्या मशीनला साधी साटा (नेहमीच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लावली तरी ती नव्यासारखी वाटते.

सलग वाचनात मात्र हार्ड डिस्क इतकी कच्ची नाही. बाहेरच्या ट्रॅकवर ती सेकंदाला २०० ते २५० एमबी देते, आतल्या ट्रॅकवर साधारण निम्मं. आता हिशोब करा. अल्ट्रा एचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगसाठीचा, कमी दाबलेला व्हिडिओ प्रकार) याचा दर सेकंदाला ७३७ मेगाबिट, म्हणजे सुमारे ९२ एमबी. एक कॅमेरा हार्ड डिस्कवरून चालेल. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम उघडलं की २७६ एमबी लागतात, शिवाय हेडला तीन फाइलींमध्ये सतत उड्या माराव्या लागतात. फ्रेम गळतात त्या इथे. प्रोसेसर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

मग खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून एसएसडी घ्यायची का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. साटाची ५५० एमबी पुरत नसेल तर एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी, घ्याच. पण पीसीआयई ३.० ची ३,५०० आणि ४.० ची ७,००० यांतला फरक एडिटिंगच्या रोजच्या कामात फारसा जाणवत नाही. फरक पाडते ती आतली चिप. टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये एका सेलमध्ये, म्हणजे डेटा ठेवायच्या सूक्ष्म कप्प्यात, तीन बिट, क्यूएलसीत चार. दोन्हींत रिकाम्या सेलचा काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा, म्हणजे एकेकच बिट ठेवून, वापरतात. म्हणून लिहिणं सुरुवातीला वेगात होतं. हा भाग भरला की स्वस्त क्यूएलसी सेकंदाला १०० एमबीच्याही खाली येऊ शकते, हार्ड डिस्कपेक्षाही संथ. मघाच्या दराने तासाभराचं फुटेज ३३२ जीबी होतं. ते उतरवताना पहिली काही मिनिटं कॉपी सुसाट जाते आणि मग रांगायला लागते, त्याचं कारण हेच. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका हा तात्पुरता भाग लहान. म्हणून १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा. मीडियासाठी टीएलसी आणि स्वतःची डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी मेमरी) असलेलीच ड्राइव्ह घ्या.

लिहून लिहून एसएसडी झिजेल ही भीती अनेकांना असते. एक टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला साधारण ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज १०० जीबी लिहिलेत तरी ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षं. त्याआधी ती मशीनच बदललेली असेल.

बसवताना पाहायच्या गोष्टी थोड्याच. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची मदरबोर्डवरची खाच) साटाचा आहे, एनव्हीएमईचा आहे की दोन्ही चालतात, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि लोक जुनी डिस्क गेली असं समजतात. हीटसिंकच्या पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढा. ती राहिली तर ड्राइव्ह तापते आणि मोठ्या कॉपीत वेग कमी करते. इंटेलच्या मशीनवर विंडोज टाकताना ड्राइव्ह दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळायची इंटेलची सोय) चालू आहे का ते पाहा. ते बंद करा किंवा त्यासाठीचा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. पण चालू असलेल्या विंडोजवर हा पर्याय आयत्या वेळी बदलू नका, मशीन बूट होणार नाही.

हार्ड डिस्क मोडीत काढायची नाही. संपलेल्या प्रोजेक्टचं फुटेज ठेवायला टीबीमागे तीच स्वस्त. शिवाय एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो. वीज न देता कपाटात ठेवली तर तो हळूहळू गळतो, उष्णतेत आणि झिजलेल्या ड्राइव्हमध्ये लवकर. चुकून पुसलेली फाइल परत मिळवायची शक्यताही एसएसडीवर कमी, कारण ट्रिम (कोणती जागा पुसली हे विंडोजने ड्राइव्हला कळवणं) चालू असेल तर पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करते. अर्काइव्हसाठी हार्ड डिस्क घेताना सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता शेजारी ठेवणारी, आहे ना, हे विचारून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदललं की शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. प्रती दोन ठेवा, वेगवेगळ्या डिस्कवर आणि वेगवेगळ्या जागी. वर्षातून एकदा दोन्ही जोडून फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेले ओळख-आकडे) पुन्हा काढून जुळवा, कारण नुसती फाइलींची यादी दिसली म्हणजे आतला डेटा वाचता येतोच असं नाही.