वारा पाठीवर घ्या

नमस्कार श्रोतेहो.

सह्याद्रीत ट्रेक ठरला की पहिला प्रश्न येतो, "चढ किती?" स्कॉटलंडच्या मूरवर मीही हाच प्रश्न घेऊन गेले आणि फसले. मूर म्हणजे उघडाबोडका, ओलागच्च माळ. तिथे विचारायचं ते असं, की पायाखाली काय आहे आणि अर्ध्यावर अडकलो तर बाहेर कुठून पडायचं?

रॅनॉक मूरच्या पश्चिम कडेची वाट घेऊ. ब्रिज ऑफ ऑर्की हे गाव ते किंग्सहाउस हे हॉटेल, साधारण 20 किलोमीटर. 1980 साली खुल्या झालेल्या वेस्ट हायलँड वे या 154 किलोमीटरच्या पायवाटेचा हा एक टप्पा. एकूण चढ साडेचारशे मीटरच्या आसपास. सिंहगड चढणाऱ्याला त्याचं काय कौतुक!

पण वेळ मोजा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब घालून दिला, तो आजही चालतो. दर 5 किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. म्हणजे आपले चार तास चालण्याचे आणि पाऊण तास चढाचा. यात डबा नाही, फोटो नाहीत, दुखरा गुडघा नाही. मी सात तास धरते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो.

दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडेच ठेवा. तिकडचा वारा बहुतेक नैऋत्येचा, त्यामुळे पाऊस तोंडावर न येता पाठीवर येतो. छत्री घरीच राहू द्या. आणि वाऱ्याला शिव्याही देऊ नका, कारण तो पडला की मिज येतात. डोळ्यांना धड न दिसणारे, पण कानामागे, भुवईत घुसून चावणारे चिलटासारखे किडे. उन्हाळ्यात डोक्यावरून घालायची जाळी खिशात हवीच.

वाट जुन्या दगडी रस्त्याची आहे, तळवे दुखतात पण पाय घट्ट टेकतो. घोळ होतो तो वाट सोडल्यावर. मी एका फोटोसाठी चार पावलं बाजूला गेले. समोर छान पोपटी हिरवळ होती. चौथं पाऊल गुडघ्यापर्यंत आत! ती हिरवळ नव्हती, पाण्यावर तरंगणारं शेवाळ होतं. पाय निघाला, बुटातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. तेव्हापासून झाडं बघून पाऊल टाकते. जांभळ्या फुलांचं हेदर नावाचं झुडूप असेल तर जमीन त्यातल्या त्यात कोरडी. गवतावर कापसासारखे पांढरे गोंडे डुलत असतील तर ओल. आणि चकचकीत पोपटी दिसलं की लांबूनच नमस्कार.

आता बाहेर पडण्याचं. वाटेतला व्हिक्टोरिया ब्रिज हा पूल ओलांडला की पुढचे कितीतरी किलोमीटर आडोसा नाही. नकाशावर मोठा हमरस्ता पूर्वेला जवळच दिसतो, पण मध्ये दलदल आणि तळी आहेत, तिकडे आडवं कापायचं मनातही आणू नका. म्हणून निर्णय त्या पुलावरच घ्यायचा. ढग खाली आलेत, कुणाचा पाय मुरगळलाय, उशीर झालाय? मागे फिरा. मागे ब्रिज ऑफ ऑर्कीला रेल्वे स्टेशन आहे, तिथून ग्लासगोची गाडी मिळते.

आदल्या संध्याकाळी डोंगरी हवामानाचा अंदाज बघा, शहराचा नव्हे. नकाशा कागदी घ्या, होकायंत्र आणि शिट्टी घ्या. मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी. फोनला रेंज असली तर 999 हा तिथला आपत्कालीन नंबर लावा, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

कुठून कुठे चाललोय आणि किती वाजता फोन करणार, हे मागे कुणाला तरी लिहून द्या. माझ्या नवऱ्याला मी "संध्याकाळी करते" एवढंच सांगितलं होतं. त्याची संध्याकाळ पाचला झाली, माझी साडेआठला. त्या दिवशीचं बोलणं मी रेडिओवर सांगत नाही.

आणि हो, मोज्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये अगदी वर ठेवा.