बारावा नंबर: निकोला टोपिचची गोष्ट

[दृश्य: ओक्लाहोमा सिटी, जून 2025. वरून पडणारे रंगीत कागदाचे तुकडे, एकमेकांच्या गळ्यात पडलेले खेळाडू.]

22 जून 2025. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग. तिच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला 103-91 असं हरवलं आणि या शहरात पहिल्यांदाच एनबीएचं विजेतेपद आलं. 2008मध्ये हा संघ सिएटलहून इथे हलवला गेला, तेव्हापासून शहर याच रात्रीची वाट बघत होतं.

विजेत्या संघाच्या यादीत एक नाव असं आहे, की ज्याच्यापुढे त्या हंगामातल्या सामन्यांचा आकडा आहे शून्य. मिनिटं शून्य, गुण शून्य. निकोला टोपिच, वय 19, गाव नोवी साद, सर्बिया.

नशीबवान पोरगा, असं म्हणायचा मोह होईल. जरा थांबा. हे शून्य त्याच्या वाट्याला कसं आलं, ते आधी बघू.

[दृश्य: डॅन्यूब नदी, पलीकडे टेकडीवर पेत्रोवारादिनचा किल्ला.]

नोवी साद हे सर्बियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. डॅन्यूबच्या काठावर वसलेलं. समोरच्या किल्ल्यावर एक घड्याळ आहे. त्याचा लांब काटा तास दाखवतो आणि आखूड काटा मिनिटं. नदीतल्या नावाड्यांना लांबून निदान तास तरी कळावा, म्हणून केलेली सोय. नवखा माणूस हमखास फसतो. 1999मध्ये नाटोच्या बॉम्बहल्ल्यांत या शहरातले डॅन्यूबवरचे सगळे पूल पडले. त्यानंतर सहा वर्षांनी, 10 ऑगस्ट 2005 रोजी, निकोलाचा जन्म झाला.

घरात बास्केटबॉल आधीपासूनच होता. वडील मिलेंको टोपिच, 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघातले. अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना 95-69 असं हरवलं होतं. दोन वर्षांनी, 1998मध्ये, तेच मिलेंको जगज्जेत्या संघातही होते. वडिलांचं पदक युगोस्लाव्हियाचं, मुलाचा जन्म सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोतला, आणि मुलगा खेळतो सर्बियाकडून. त्या भागातल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा आहे. माणसं जागच्या जागी राहिली, पासपोर्टावरचं नाव तेवढं बदलत गेलं.

[दृश्य: बेलग्रेडमधला एक सराव हॉल. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, शिट्टी, चेंडूंचा आवाज.]

पासष्ट-सत्तर लाख वस्तीचा हा देश. आपल्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या याहून जास्त. तरी एनबीएची यादी काढली की सर्बियन नावं येतातच, आणि त्यातही निकोला जरा जास्तच येतात. निकोला योकिच, निकोला योविच, आता निकोला टोपिच. समालोचकांची दया येते.

याचं एक उत्तर सर्बियन क्लबांच्या हिशेबात सापडतं. तिथल्या क्लबांकडे स्पेन किंवा तुर्कस्तानातल्या मोठ्या क्लबांइतका पैसा नाही. तयार खेळाडू विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून खेळाडू तयार करायचे. मग ते विकायचे आणि त्या पैशावर पुढचे तयार करायचे. बेलग्रेडच्या मेगा या क्लबने तर यालाच आपलं धोरण केलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना मोठ्यांच्या लीगमध्ये उतरवायचं, भरपूर मिनिटं द्यायची, चुका करू द्यायच्या. संघ हरला तरी चालेल, पोरगं शिकलं पाहिजे. या क्लबच्या मागे आहे मिश्को राझ्नातोविच, युरोपातला बडा एजंट. योकिचही त्याच्याच हाताखालून गेला. एनबीएचे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. 2016च्या एका ड्राफ्टमध्ये मेगाचे तीन खेळाडू निवडले गेले. एकाच क्लबचे तीन!

हे धोरण चांगलं की वाईट? पोरांना संधी मिळते, यात वाद नाही. पण सोळाव्या वर्षी ज्याच्या प्रत्येक पासची नोंद होते आणि ज्याचा बाजारभाव इंटरनेटवर दर महिन्याला वरखाली होतो, त्या मुलाच्या डोक्यावर काय ओझं असेल, हेही लक्षात घ्यायला हवं.

टोपिच मूळचा त्स्रवेना झ्वेझ्दाचा. म्हणजे रेड स्टार, 1945मध्ये स्थापन झालेला बेलग्रेडचा क्लब. त्यांच्याच युवा संघात तो वाढला. 2023च्या उन्हाळ्यात सर्बियातल्याच निश शहरात अठरा वर्षांखालील युरोपीय स्पर्धा झाली. सर्बियाने घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला टोपिच. त्यानंतर झ्वेझ्दाने त्याला मेगाकडे उसना पाठवला. झ्वेझ्दासारख्या बड्या संघात तो बाकावर बसला असता. मेगात संघाची सूत्रंच त्याच्या हातात आली.

[दृश्य: मेगाच्या सामन्याची क्षणचित्रं, संथ गतीत.]

आता हा संथ गतीतला खेळ नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

टोपिच पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू घेऊन वर येणारा, डाव रचणारा. उंची जवळपास साडेसहा फूट, या जागेसाठी चांगलीच. सेंटर, म्हणजे संघातला उंच खेळाडू, येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. टोपिच त्याच्या खांद्याला खांदा घासून वळतो. मध्ये जागा राहिली तर बचावपटू तिथून घुसेल. वळला की एक क्षण वेग कमी करतो. समोरचा उंच बचावपटू बुचकळ्यात पडतो: पुढे जावं की मागे हटावं? तो ठरवेपर्यंत टोपिचचं दुसरं पाऊल पडलेलं असतं. हे पाऊल लांब असतं. त्यानंतर एक तर बोर्डावर हलकेच टेकवलेला लेअप, नाहीतर कोपऱ्यात मोकळ्या उभ्या साथीदाराकडे पास. लांबून मारलेले थ्री-पॉइंटर त्याच्या खेळातली कच्ची बाजू. पण रिंगपर्यंत पोहोचायचंच ठरवलं की त्या लीगमध्ये त्याला अडवणं कठीण होतं.

ती लीग म्हणजे एबीए लीग. युगोस्लाव्हिया फुटला, त्याच्या तुकड्यांत युद्धं झाली, आणि 2001मध्ये त्याच देशांचे क्लब बास्केटबॉलसाठी पुन्हा एका लीगमध्ये आले. नेत्यांना जमलं नाही ते वेळापत्रकाने जमवलं. या लीगमध्ये पुरुषांशी दोन हात करत अठरा वर्षांचा टोपिच मेगासाठी सामन्यामागे अठरा-एकोणीस गुण आणि सातच्या आसपास असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, काढत होता. अमेरिकेतून त्याला बघायला माणसं येऊ लागली. 2024च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या पाचात जाईल, असे अंदाज छापून आले.

झ्वेझ्दाने हे सगळं बघितलं आणि हंगामाच्या मध्यातच त्याला परत बोलावून घेतलं.

[दृश्य: बेलग्रेडचा भरलेला हॉल. लाल-पांढरे झेंडे, ढोल.]

परतल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी 2024मध्ये, डावा गुडघा दुखावला आणि काही महिने गेले. तो मैदानात परतला थेट मे महिन्यात, एबीए लीगच्या अंतिम मालिकेसाठी. समोर होता पार्टिझान. बेलग्रेडचे हे दोन क्लब समोरासमोर आले की अर्धं शहर एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या. पार्टिझानचे कट्टर समर्थक स्वतःला ‘कबर खणणारे’ म्हणवून घेतात, यावरून बाकीची कल्पना करा. झ्वेझ्दाने ती मालिका 3-0 अशी जिंकली. पण त्याच मालिकेत टोपिचचा तोच गुडघा पुन्हा दुखावला.

तपासणीत निघालं, की एसीएल अंशतः फाटला आहे. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा दोर. नडगी पुढे सरकू नये, पाय वळताना सांधा निसटू नये, हे त्याचं काम. तो थांबून निघण्याचा क्षण आठवा, ते लांब दुसरं पाऊल आठवा. ज्या जागेवर त्याचा सगळा खेळ उभा, नेमकी तीच जागा गेली. दुखापतीचं नेमकं स्वरूप जगाला कळलं तेव्हा ड्राफ्ट काही दिवसांवर आला होता.

[दृश्य: ब्रुकलिन, बार्कलेज सेंटर. 26 जून 2024.]

एक नाव पुकारलं. दुसरं, तिसरं. पाच झाली, दहा झाली. टोपिच नाही. भाव पडत होता.

बाराव्या नंबरवर ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याला घेतलं.

हा बारावा नंबर थंडरकडे कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. जुलै 2019मध्ये थंडरने आपला सगळ्यात मोठा तारा, रसेल वेस्टब्रूक, ह्यूस्टनला दिला. बदल्यात ख्रिस पॉल घेतला आणि ह्यूस्टनचे पुढल्या काही वर्षांचे ड्राफ्टमधले हक्कही मागून घेतले. त्यातलाच एक 2024चा. सौदा झाला तेव्हा टोपिच तेरा वर्षांचा होता. हे करणारा माणूस म्हणजे थंडरचा व्यवस्थापक सॅम प्रेस्टी. असे हक्क त्याने इतके साठवले होते, की लोक त्याची चेष्टा करत.

चेष्टा करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. एवढी पुंजी असलेल्या संघाला घाई नसते. ज्या संघाला एकच निवड मिळते, त्याला ऑक्टोबरमध्ये मैदानात उतरणारा खेळाडू हवा असतो. थंडर म्हणू शकत होते, की तू वर्षभर बस. हे त्यांनी आधीही केलं होतं. 2022मध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलेला चेट होल्मग्रेन पायाच्या दुखापतीमुळे पहिला अख्खा हंगाम बाहेर होता. थांबणं ही श्रीमंती आहे, आणि माझ्या मते टोपिचच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा भाग्याचा क्षण त्या निकोप गुडघ्याच्या दिवसांत आला नाही, तो बाराव्या नंबरवर आला. पाचव्या नंबरवर एखाद्या घायकुतीला आलेल्या संघाने उचललं असतं तर?

[दृश्य: रिकामा सराव हॉल. कोपऱ्यात व्यायामाची साधनं.]

शस्त्रक्रिया झाली. 2024-25चा संपूर्ण हंगाम तो खेळणार नाही, हे थंडरने आधीच सांगून टाकलं. आणि ते वर्ष कोणतं निघावं? थंडरने 82पैकी 68 सामने जिंकले. शाई गिल्जस-अलेक्झांडर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, दुसऱ्या फेरीत समोर आला डेन्व्हर, म्हणजे निकोला योकिचचा संघ. योकिचचं सोंबोर हे गाव नोवी सादपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. सात सामन्यांची ती मालिका थंडरने जिंकली. सर्बियात त्या रात्री बहुतेकांचा जीव योकिचमध्ये अडकलेला असणार, आणि जिंकणाऱ्या संघात आपलाच दुसरा निकोला आहे, हे कितीजणांना आठवलं असेल कोण जाणे.

मग तो सातवा सामना, तो जल्लोष. ते तुम्ही सुरुवातीला पाहिलंच.

जुलै 2025मध्ये समर लीगमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या उन्हाळी स्पर्धेत, तो एकदाचा थंडरच्या जर्सीत खेळला. वर्षभराचा गंज होता, चेंडू हातून सुटत होते. पण ते लांब दुसरं पाऊल परत दिसलं. ऑक्टोबरमध्ये हंगामापूर्वीच्या सराव सामन्यातही तो उतरला. आता फक्त खऱ्या सामन्याची तारीख बाकी होती.

[दृश्य: पत्रकार परिषदेचं टेबल, माइक. आवाज नाही.]

ऑक्टोबर 2025च्या अखेरीस सॅम प्रेस्टीने पत्रकारांना सांगितलं, की टोपिचला वृषणाचा कर्करोग झाला आहे आणि त्याची केमोथेरपी सुरू आहे.

हा आजार पंधरा ते पस्तीस या वयातल्या पुरुषांत जास्त आढळतो, आणि याच वयात माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो. त्यात जागा अशी, की गाठ लागली तरी पोरं घरात बोलत नाहीत. विसाव्या वर्षीच्या खेळाडूने ही गोष्ट जगाला कळू दिली, याला माझ्या लेखी एखाद्या चषकाइतकंच मोल आहे.

दिलासा असा, की कर्करोगांमध्ये हा सगळ्यात आटोक्यात आलेल्यांपैकी एक. 1974मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांच्या जोडीने वापरून पाहिलं आणि चित्रच पालटलं. आज वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आइनहॉर्न हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनी ऐकलेलं असेल. 2011चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराज सिंगच्या छातीत जी गाठ निघाली ती याच कुळातली, आणि 2012मध्ये त्याचे उपचार याच डॉक्टरांकडे झाले. त्याच वर्षी युवराज भारताकडून पुन्हा खेळला.

बास्केटबॉलमध्येही दाखला आहे. डेन्व्हरचा ब्राझिलियन खेळाडू नेने याला जानेवारी 2008मध्ये हाच आजार निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आणि मार्चमध्ये तो मैदानात होता. त्यानंतर तो एनबीएत आणखी दहा वर्षांहून जास्त खेळला.

[दृश्य: नोवी सादमधलं उघडं मैदान. मुलं खेळतायत.]

आपली ही गोष्ट ऑक्टोबर 2025पर्यंतचीच आहे. टोपिच कधी परतेल, याची तारीख थंडरने त्या दिवशी दिली नाही. त्या घडीला त्याच्या खात्यात युवा गटाचं युरोपीय सुवर्ण होतं, एबीए लीगचं विजेतेपद होतं, एनबीएचं विजेतेपद होतं, आणि एनबीएतला एकही अधिकृत सामना नव्हता. वय होतं वीस वर्षं आणि अडीच महिने. 2014मध्ये ड्राफ्ट झालेला निकोला योकिच आणखी एक हंगाम मेगातच थांबला होता. ऑक्टोबर 2015मध्ये तो एनबीएतला पहिला सामना खेळला, तेव्हा वीस वर्षं आणि आठ महिन्यांचा होता.