विस्तव

(पहाट. चुलीत राखेचा ढीग.)

वरून पाहिलं तर नुसती राख. चिमट्याने ती अलगद सारली की तळाशी निखारा दिसतो, काळपट, कडेला लाल रेघ असलेला. त्यावर वाळल्या गोवरीचा चुरा भुरभुरायचा आणि फुंकणीतून लांब, हलकी फुंकर घालायची. जोरात फुंकलं तर चुरा उडतो, राख डोळ्यांत जाते. आधी धूर येतो, चुरा कडेने लाल होतो. मग बारीक काटक्या. जाळ होतो.

हा विस्तव रात्रीच पुरून ठेवलेला असतो. स्वयंपाक आटोपला की दोन-तीन ठसठशीत निखारे एकत्र करायचे, शेजारी अर्धी गोवरी टेकवायची आणि वरून दोन-तीन बोटं जाडीची कोरडी राख घालायची. राख हवा अडवते, उष्णता धरून ठेवते. निखारा विझत नाही आणि भरभर जळूनही जात नाही. थर पातळ पडला तर पहाटेपर्यंत सगळं जळून जातं, राख ओली असेल तर निखारा विझतो. बाभळीचा निखारा टिकतो. तुराट्या, पऱ्हाट्या यांचा भरवसा धरू नये. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: अशी धुमसती शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये. तिच्यातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

संस्कृतात ‘रक्षा’ म्हणजे राखण, आणि ‘रक्षा’ म्हणजे राखही. मराठीतले राख आणि राखणे हे शब्द तिथूनच आले.

(खापरात निखारा. अंगण ओलांडणारी पावलं.)

घरचा विस्तव विझला तर शेजारून आणायचा. खापरात राखेचा थर, त्यावर निखारा, वर पुन्हा चिमूटभर राख, म्हणजे वाऱ्याने ठिणगी उडून गवती छपरावर पडणार नाही. अंबरनाथला काडेपेटीचा मोठा कारखाना 1920च्या दशकात सुरू झाला, तरी खेड्यात काडी जपूनच वापरत.

‘त्यांच्यात विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार समजतो तो या देवघेवीतून. भांडण इतकं, की निखाराही मागायचा नाही. हा वाक्प्रचार नेहमी नकारातच येतो. ‘आमच्यात विस्तव जातो’ असं कुणी म्हणत नाही. निखारा देणं रोजचंच होतं, त्याचं कौतुक कोण करणार? तो थांबला की मात्र गावभर कळायचं. आज घरोघरी गॅस आहे, तरी बांधावरून वाद झाला की लोक म्हणतात, ‘दोघा भावांत विस्तव जात नाही.’