पाट मधोमध का चिरतो?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात जुना पाट असेल तर तो एकदा उलटा करून बघा. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या दिसतील, आणि पुष्कळ पाटांना मधोमध लांबीच्या दिशेनं गेलेली एक चीरही दिसेल. जड माणूस बसला म्हणून ती पडली, असं आपण म्हणतो. खरं कारण बहुतेक वेळा त्या पट्ट्यांत असतं. सागवानी पाट घरी कसा करायचा ते आज सांगतो, आणि त्यातला बराच वेळ या पट्ट्यांनाच देणार आहे.

लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा घेतं, उन्हाळ्यात सोडतं. लांबीत त्यानं पडणारा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र तो डोळ्यांना दिसतो. साग तसा शांत; तरी १४ इंच रुंदीच्या पाटात ओलावा ४ टक्क्यांनी उतरला, तर रुंदी अडीच मिलीमीटरपर्यंत घटू शकते. खालची पट्टी आडवी, म्हणजे तिची लांबी पाटाच्या रुंदीला समांतर, आणि तिची लांबी बदलत नाही. गोंद आणि खिळे लावून पट्टी फळीला जखडली, की आकसणाऱ्या फळीला सरकायला वावच राहत नाही. मग ती लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चिरते.

आता मापं घेऊ. पाट १८ इंच लांब, १४ इंच रुंद, रंधा मारून झाल्यावर २२ मिलीमीटर जाड. एवढी रुंद सलग फळी सहसा मिळत नाही, म्हणून सव्वापाच इंची तीन फळ्या जोडायच्या. पट्ट्या दोन, प्रत्येकी १२ इंच लांब, ३८ मिलीमीटर उंच आणि ३२ मिलीमीटर जाड. कापण्यातली घट धरून साधारण पाव घनफूट लाकूड लागतं. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तम, ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त करवत लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. वखारीतून नवं आणलं असेल तर फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाच्या चिपा ठेवून सावलीत रचा. एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर चार दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या.

सांधण्याच्या कडा सरळ करताना शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या जोडून शेगड्यात, म्हणजे सुताराच्या बाकावरच्या पकडीत, एकत्र धरा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवा. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या कलात बसतो आणि फळ्या सपाट जुळतात. मग उजेडासमोर धरून बघा. फटीतून उजेड आला तर पुन्हा रंधा. शिकंजा, म्हणजे क्लॅम्प, जोरात आवळून फट मिटवायला जाऊ नका, वर्षभरात ती टोकापासून उघडते.

सागात तेल असतं, त्यामुळे जुन्या कडेवर गोंद नीट धरत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी जोडा. ते जमलं नाही तर कडा थिनरच्या फडक्यानं पुसून, वाळू देऊन जोडा. गोंद दोन्ही कडांना लावायचा. शिकंजे तीन, दोन खालून आणि मधला वरून. सगळे एकाच बाजूनं लावले की फळी कमानीसारखी उचलते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसू नका. तो रेषांत शिरतो आणि तेल लावल्यावर तिथे फिकट डाग राहतात. अर्ध्या तासानं गोंद रबरासारखा झाला की पटाशीनं खरवडून काढा. शिकंजे रात्रभर तसेच राहू द्यात.

आता पट्ट्या. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू, ८ नंबरचे, सव्वा इंची, गोल डोक्याचे. पट्टीच्या खालच्या अंगानं १८ मिलीमीटर व्यासाचा, २० मिलीमीटर खोल खड्डा घ्या. त्यात स्क्रूच्या डोक्याखालचा वायसर बसेल आणि सरकूही शकेल. मधल्या खड्ड्याच्या तळाला साडेचार मिलीमीटरचं साधं गोल भोक. टोकाकडच्या दोन्ही भोकांना मात्र बारीक गोल कानशीनं पट्टीच्या लांबीत ७ मिलीमीटरपर्यंत लांबवा. मधला स्क्रू पट्टीला जागेवर धरतो; टोकाचे स्क्रू फळीबरोबर हलतात. पट्टीला गोंद अजिबात नको. फळीतलं भोक ३ मिलीमीटरचं, १४ मिलीमीटर खोल. ड्रिलच्या बिटाला त्या मापावर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर बिट पाटाच्या वर निघेल. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या. सागात पितळी स्क्रूची मान पटकन तुटते.

पट्ट्या कसण्याआधी पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनं, ८०, १२०, १८० या क्रमानं फिरवा. तोंडाला मास्क हवाच, सागाची धूळ घसा आणि त्वचा दोन्हींना त्रास देते. जेवायच्या पाटाला लाखेचं पॉलिश नको. गरम भांडं टेकलं की पांढरं वर्तुळ उमटतं. दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळणारं अळशीचं तेल तीन हात द्या, दोन हातांत एक दिवस ठेवून. वर जेवढे हात, तेवढेच खाली. नुसतं वरून तेल दिलं तर खालची बाजू ओलावा भराभर घेते आणि फळी वाकते. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तेल वाळलं की पट्ट्या पाटाच्या टोकांपासून तीन-तीन इंच आत ठेवून मधले स्क्रू कसा. टोकाचे स्क्रू कुठे बसवायचे, ते महिना बघून ठरवा. ऐन पावसाळ्यात फळी फुगलेली असते, पुढे ती आकसणार. म्हणून स्क्रू लांबट भोकाच्या बाहेरच्या टोकाला हवा. मे महिन्यात याच्या उलट, आतल्या टोकाला. कसून झाल्यावर पाव फेरा सैल करा.