पूर ओसरल्यावर पेठेला काय लागतं?

(मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करणाऱ्या पुण्यातल्या कार्यकर्त्यांपुढे, ऑक्टोबर 2025 मध्ये, चिपळूणच्या एका निवृत्त वाणिज्य शिक्षकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. आत येताना जिन्याखाली खोक्यांची थप्पी बघितली. साखर, रवा, तेल, डाळीचं पीठ, पोहे, उटणं, चार पणत्या. दिवाळीचं किट. ही खोकी उद्या-परवा धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूमकडे आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे निघणार आहेत असं कळलं. मला बोलावलंय चिपळूणचा अनुभव सांगायला, आणि तो अनुभव त्या खोक्यांच्या थोडा विरोधात जाणारा आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो. भरलेली खोकी जाऊ द्यात. पुढची मात्र पुण्यात भरू नका.

आता चिपळूण. 22 जुलै 2021. आमची बाजारपेठ वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांना चिकटून. रात्रभर घाटमाथ्यावर पाऊस, खाली खाडीला भरती. शिवाय कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. पुरात कशाचा वाटा किती, यावर आमच्याकडे आजही भांडणं होतात. त्यात मी शिरत नाही. 26 जुलै 2005 चा पूर सगळ्यांच्या लक्षात होता. पाण्याची बातमी लागली तसा ज्यांना जमलं त्यांनी माल 2005 च्या खुणेच्या वरच्या फळीवर चढवला आणि वर माडीवर जाऊन बसले. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. तळमजलेच्या तळमजले बुडाले.

गणेश चतुर्थी होती 10 सप्टेंबरला. म्हणजे मध्ये बरोबर 50 दिवस.

कोकणातल्या व्यापाऱ्याचं वर्ष कसं चालतं हे पुण्यात थोडं समजावून सांगावं लागेल. तुमच्याकडे दिवाळी, तसे आमच्याकडे गणपती. मुंबईचा चाकरमानी त्या दहा-बारा दिवसांत गावी येतो आणि खिशात रोकड घेऊन येतो. कपडे, भांडी, किराणा, मखराचं सामान, लाइटच्या माळा, गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुपातून वाण द्यायच्या रीतीला, लागणारी सुपं. ही सुपं विणणाऱ्या बुरडाचा तर वर्षाचा मोठा धंदा त्याच आठवड्यातला. भजनी मंडळं मृदंग, ढोलकी चढवून घेतात ती त्याच्या आधी. हा सगळा माल जुलैमध्ये येऊन पडलेला असतो, आणि तो येतो उधारीवर. कोल्हापूरचा, मुंबईचा घाऊक व्यापारी माल देतो, म्हणतो, गणपती झाल्यावर बघू. आमचा दुकानदारही गावातल्या गिऱ्हाइकाला तेच म्हणतो, फक्त त्याच्यासाठी भात कापल्यावर बघू. म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा. त्यात आधीचं दीड वर्ष कोविडच्या निर्बंधांत गेलेलं, दुकानं कधी चारला बंद, कधी पूर्णच बंद. पूर आला तो नेमका अशा वेळी.

सरकारी मदत मिळाली, नाही असं नाही. दुकानदाराला पंचनाम्यातल्या नुकसानीच्या 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 50 हजार रुपये, टपरीवाल्याला जास्तीत जास्त 10 हजार. टपरीवाल्याला त्यातून पुन्हा उभं राहता आलं. कापड दुकानदाराचे 50 हजार चिखल काढण्यात, वायरिंग नवीन करण्यात आणि शटर दुरुस्तीत गेले. विमा असलेल्यांचीही एक गंमत आहे, आणि मी आयुष्यभर हेच शिकवत आल्यामुळे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचावा म्हणून विमा उतरवलाय 10 लाखांचा. नुकसान झालं 8 लाखांचं. दुकानदाराला वाटतं, 8 तर 10 च्या आत आहेत, सगळे मिळतील. मिळतात 4. कारण तुम्ही अर्ध्याच मालाचा विमा उतरवलात, तर प्रत्येक नुकसानीतही अर्धाच वाटा धरतात. हे कलम आम्ही बारावीच्या पोरांना गणित म्हणून घालायचो. 2021 साली त्यातली काही पोरं, आता पन्नाशीला आलेली, कागद घेऊन माझ्या दारात उभी होती.

पण मला बोलायचंय ते मदतीबद्दल. पहिल्या आठवड्यात जे लोक आले त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पिण्याचं पाणी, शिजवलेलं अन्न, मेणबत्त्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे फावडी घेऊन आलेली तरुण मुलं. घराघरांतला चिखल त्यांनी उपसला. त्या वेळी कोणी मला पेठ, व्यापार असलं काही सांगू लागला असता तर मीच त्याला हाकललं असतं.

गडबड झाली ती तिसऱ्या आठवड्यात. किराणावाल्यांनी कर्ज काढून, नातेवाइकांकडून उचलून, दुकानं पुन्हा मांडायला सुरुवात केली. ओल्या भिंती, नवीन फळ्या, आणि त्यावर थोडा तांदूळ, डाळ, तेल. आणि त्याच रस्त्यावर समोर ट्रक उभा. फुकट तांदूळ, फुकट डाळ, फुकट तेल. कोण घेणार दुकानातून? देणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा होता. पण त्या दुकानदाराचा त्या आठवड्यातला एकमेव स्पर्धक तो ट्रक होता, आणि त्याच्यापुढे कुठलाच भाव टिकत नाही. जुन्या कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. गठ्ठेच्या गठ्ठे आले, भिजले आणि शेवटी नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत गेले. गावातला शिंपी आणि कापडवाला ते बघत बसले.

मग मी आणि माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी एक चिठ्ठीची पद्धत काढली. मुंबईहून कोणी पैसे पाठवले की त्याच्या हजार-हजाराच्या चिठ्ठ्या करायच्या, शिक्का मारायचा, गरजू घरांना द्यायच्या. चिठ्ठी चालणार फक्त पेठेत, पुरात बुडालेल्या दुकानात. तंबाखू, गुटखा नाही. बाकी काय घ्यायचं ते त्या घराने ठरवायचं. दुकानदार संध्याकाळी चिठ्ठ्या आणून देणार, आम्ही तिथल्या तिथे त्याच्या फोनवर पैसे टाकणार. एकाच हजाराने दोन कामं. घराला सामान, दुकानाला विक्री. आणि दुकानदाराची विक्री दिसली की घाऊक व्यापारी पुढचा माल द्यायला तयार होतो. मला विचाराल तर यातला सगळ्यात मोठा फायदा हाच. बुडालेल्या दुकानाची पत रोजच्या विक्रीतून परत येते, देणगीतून येत नाही. देणगी घेतलेल्या माणसाची लोकांना कीव येते, पण कीव येते म्हणून कोणी त्याला उधार माल देत नाही.

चिठ्ठ्यांचे घोळही झाले, ते लपवत नाही. काही दुकानदारांनी चिठ्ठी घेतली आणि म्हणाले, तुझी मागची आठशेची बाकी आहे, ती वळती करतो, उरलेल्या दोनशेचं सामान घे. यावर आमच्यात रात्री बारापर्यंत वादावादी. एकजण म्हणाला, ही फसवणूक आहे. दुसरा म्हणाला, बाकी खरी आहे ना, मग त्याने का सोडावी? शेवटी ठरलं की चिठ्ठीतून बाकी कापायची नाही, पण त्या घरच्या कर्त्या माणसाने दुकानदारापुढे बाकीचा आकडा कबूल करायचा. कारण अनेकांच्या उधारीच्या वह्याच चिखलात गेल्या होत्या. कोणाकडे किती येणं आहे हे सांगायला फक्त त्या गिऱ्हाइकाचा शब्द उरला होता. पुष्कळ लोक आपणहून आले आणि आकडा सांगून गेले. काही आले नाहीत. त्यांना गाव ओळखून आहे, एवढंच म्हणतो.

त्या वर्षी गणपती आले ते लहान आले. कोविडमुळे घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होतीच, आणि शाडूच्या मूर्ती पाण्यात राहिल्या की त्यांचं काय होतं ते सांगायला नको. कारखान्यात आगाऊ नेऊन ठेवलेले घरोघरचे पाटसुद्धा वाहून गेले. लोकांनी कोऱ्या पाटावर, मिळाली ती मूर्ती आणली. पण जे चाकरमानी आले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी एक केलं. मुंबईहून भरून आणायच्या पिशव्या त्यांनी रिकाम्या आणल्या. कापरापासून कपड्यापर्यंत सगळं चिपळूणच्या पेठेत घेतलं. आमच्या पेठेला खरा हात मिळाला तो तिथे. नंतर वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं, गाळ निघायलाही लागला. ती लढाई वेगळी आणि लांबची.

आता तुमच्या कामाकडे येतो. सीना नदीकाठचं यंदाचं दुखणं आमच्यापेक्षा वेगळं आहे, आणि माझ्या मते अवघड आहे. चिपळूणला दुकान बुडालं होतं, पण गिऱ्हाईक मुंबईत कोरडं होतं. परंड्याकडे गिऱ्हाईकच बुडालंय. तिथल्या पेठेची दिवाळी सोयाबीनवर होते. सोयाबीन विकलं की उधारी फिटते, नवीन कपडे येतात, पोरीला माहेरी आणता येतं. यंदा कुठे पीक सडलं, कुठे जमीनच खरवडून गेली. ज्यांच्या हाती थोडं लागलं तेही भिजलेलं, काळं पडलेलं. क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव कागदावर असला तरी असल्या मालाला तो कोण देणार? 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. लक्ष्मीपूजन आहे 21 तारखेला. पंचनामे, याद्या, बँक खाती जुळणं, हे सगळं होऊन किती लोकांच्या हातात दिवाळीआधी पैसे पडतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि त्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी कोकणात नाही. दिवाळी झाली की भूम, परंडा आणि त्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतात आणि ती फिटेपर्यंत हंगामभर कोयता चालवतात. गावातल्या दुकानाची उधारी थकलेली असेल तर उचल जास्त घ्यावी लागते. म्हणजे दिवाळीतला हजार-दोन हजारांचा खड्डा नवरा-बायकोच्या पुढच्या चार-पाच महिन्यांच्या अंगमेहनतीत भरून निघतो. तुमचं किट त्या घराचं आठ दिवसांचं सामान भागवतं. तेच पैसे गावच्या दुकानातून फिरवले तर ते सामानही मिळतं, आणि दुकानदारालाही मागची बाकी पुढच्या सुगीपर्यंत थांबवायची ताकद येते. हे ठरवून घ्या त्याच्याशी, अगदी स्पष्ट: आम्ही तुझ्याकडून खरेदी करतो, तू या घरांचा तगादा थांबव. व्यापाऱ्याला असा सौदा कळतो.

आता इथल्या एका ताईंनी मघाशी विचारलं की दुकानदाराने भाव चढवले तर काय करायचं. चढवेल. एखादा चढवेलच. म्हणून एकाच दुकानावर जाऊ नका. तीन-चार दुकानांत फोन करून साखर, रवा, तेल, डाळ यांचे दर आधी घ्या आणि ते चिठ्ठीच्या मागे छापा. पुण्याच्या घाऊक बाजारापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त पडतील. पडू द्यात. गाडीचं डिझेल वाचलं ते त्यात धरा. ज्या वस्तीत घरंच पडली आहेत, चूलच नाही, तिथे मात्र चिठ्ठीचा हट्ट धरू नका. तिथे शिजवलेलं अन्न आणि पांघरुणंच न्या.

शेवटचं, आणि हे तुमच्या स्वतःच्या दिवाळीचं आहे. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. यंदा पुरात तिथे जनावरं वाहून गेली, चारा गेला, पण ज्यांच्या गोठ्यात जनावर उरलंय त्यांचं दूध रोज निघतंच आहे आणि ते कुठेतरी विकलं जायला हवं. इथे बसलेली घरं, तुमच्या सोसायट्या, ऑफिसं, दिवाळीत मिठाई घेणारच आहेत. ती मागणी एकत्र करा आणि खवा तिकडच्या भट्टीवरून मागवा. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो, तेव्हा भट्टीवाल्याला दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. पैसे आगाऊ द्या, कारण त्याला दूधवाल्याला रोजच्या रोज द्यावे लागतात. आणि खवा रात्रीच्या गाडीने, थंडपणात येऊ दे. दुपारच्या उन्हात आणलात तर आंबट होईल आणि मग मलाच शिव्या द्याल.